माळ्यावरची तीन सेलची बॅटरी आणि देवळामागची वीरगळ

दगडवाचक

नमस्कार मंडळी,

तीन सेलची जुनी बॅटरी अजून बऱ्याच घरांत असेल. माळ्यावर, कपाटावर, नाहीतर कणगीमागे. घरोघरी इन्व्हर्टर आले, मोबाइलमध्ये टॉर्च आला आणि तिला कुणी हात लावेनासं झालं. अशा बॅटरीला एक काम आहे. ते माझ्या मते फार मोलाचं आहे, म्हणून हा धागा काढतोय.

आमची बॅटरी पितळी आहे, वडिलांची. रात्रीची वीज असली की शेताला पाणी धरायला जाताना ती त्यांच्या खांद्याला असायची. गेली काही वर्षं नुसती पडून होती. दिवाळीच्या साफसफाईत खाली काढली. दोन सेल आत फुगून बसले होते, ते निघाल्यावर नवे घातले आणि बल्ब लागला. त्याच सुमारास गावातल्या वीरगळींची, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या स्मारक-दगडांची नोंद करायचं डोक्यात होतं. देवळामागे तीन-चार दगड उभे आहेत. त्यातल्या एकावर दिवसा काहीच ओळखू येत नाही. मधला पट्टा सपाट दिसतो, खालच्या पट्टीत दोन-चार उंचवटे तेवढे जाणवतात. गावात त्याला सगळे नुसता 'वीर' म्हणतात, कुणाचा ते कुणाला ठाऊक नाही.

संध्याकाळी अंधार पडल्यावर बॅटरी दगडाच्या अगदी कडेला, पृष्ठभागाला घासून जाईल अशी धरली. खालच्या पट्टीतले उंचवटे म्हणजे गाई निघाल्या. एकीमागे एक, शिंगांसकट. वर डाव्या हाताला ढाल धरलेला माणूस, त्याच्यासमोर आणखी दोघं. सपाट वाटलेल्या मधल्या पट्ट्यात वीराला दोन्ही बाजूंनी धरून वर नेणाऱ्या अप्सरा. सगळ्यात वर शिवलिंग, त्याच्यापुढे हात जोडून बसलेला तोच वीर, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य.

वीरगळ खालून वर वाचायची असते हे अनेकांना माहीत असेल. खाली मरण कसं आलं ते, मध्ये स्वर्गाकडे जाणं, वर देवापाशी पोचणं. खालच्या पट्टीत गाई असतील तर तो माणूस गावाचं गोधन वाचवताना पडला असं साधारण मानतात. म्हणजे आमच्या गावची गुरं कुणीतरी पळवून नेत होतं, हा माणूस आडवा गेला आणि मेला. गावाने त्याचा दगड उभा केला. इतकी शतकं तो तिथे आहे आणि आम्ही शेजारून जात-येत होतो.

यात माझं कौशल्य काही नाही. पुरातत्त्वातली माणसं ही पद्धत फार पूर्वीपासून वापरतात. उजेड तिरपा आला की केसभर उंचवट्याचीही सावली लांब पडते आणि डोळा सावलीवरून आकार ओळखतो. उन्हातही हे होतं, पण सकाळी किंवा संध्याकाळी थोडाच वेळ, आणि तेही दगडाचं तोंड योग्य दिशेला असेल तरच. आमच्या दगडाचं तोंड उत्तरेला आहे, त्यामुळे जवळजवळ निम्मं वर्ष त्याच्यावर ऊन येतच नाही.

घरी अशी बॅटरी असेल तर काढा आणि गावातल्या दगडांपाशी न्या. या दगडांची झीज थांबत नाही. ऊनपाऊस आहे, वर दर वर्षी शेंदूर, कुठे ऑइलपेंट, कुठे जीर्णोद्धारात सिमेंट. आज जे दिसतंय ते पुढच्या पिढीला दिसेल याची खात्री नाही.

सीमा_सांगवी

छान धागा. एक शंका. मोबाइलचा टॉर्च तर या जुन्या बॅटरीपेक्षा प्रखर असतो. तो का चालू नये?

दगडवाचक

सीमाताई, चालतो, पण मोबाइल दोन हवेत. एकाने उजेड टाकायचा आणि दुसऱ्याने फोटो काढायचा. एकाच मोबाइलने काढलात तर फ्लॅश लेन्सच्या शेजारीच असतो, उजेड समोरून पडतो आणि प्रत्येक सावली त्या त्या उंचवट्याच्या मागे लपते. दगड पांढरा, सपाट दिसतो. झिजलेल्या दगडाचा फ्लॅश मारून काढलेला फोटो बहुतेक वेळा फुकट जातो तो यामुळेच.

दुसरं म्हणजे मोबाइलचा उजेड सगळीकडे पसरतो, लांबून टाकला की विरतो. जुन्या बॅटरीला खोलगट तबकडी आहे, ती किरण एकत्र करून लांब फेकते. दगडाच्या रुंदीच्या निदान तिप्पट अंतरावर उभं राहिलं तर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत उजेड साधारण सारखा पडतो. जवळून टाकला तर अलीकडची बाजू भगभगीत आणि पलीकडची काळोखात, असं होतं.

बाजारात त्या चार्जिंगच्या बॅटऱ्या मिळतात, पुढे दहा-बारा बारीक एलईडी असलेल्या, त्या मात्र या कामाला अजिबात घेऊ नका. प्रत्येक एलईडी आपली वेगळी सावली पाडतो. एका रेघेला अनेक पुसट कडा दिसतात आणि अक्षर वाचता येत नाही. जुन्या बॅटरीत एकच तार जळते, म्हणून सावली एकच आणि नेमकी पडते.

वायरमनकाका

तुमचे सेल सहज निघाले, पण सगळ्यांचे निघतील असं नाही, म्हणून लिहितो. दुकानात अशा बॅटऱ्या अजून येतात. एव्हरेडीची जीवनसाथी घेऊन येणारे तर खूप. लोकांना टाकवत नाही, आणि टाकूही नये. पितळी नळी सहसा खराब होत नाही, जातो तो आतला संपर्क.

सेल फुगून अडकले असतील तर मागचं झाकण आणि पुढचा बल्बचा भाग, दोन्ही काढा. नळी उभी धरून लाकडाच्या पाटावर हलकेच आपटा. नाहीच सरकले तर पुढच्या बाजूने लाकडी दांडा घालून मागे ढकला. सेलला ड्रिलने भोक पाडू नका, सळईने फोडू नका. आतला माल अंगावर उडतो. हातमोजे घाला, डोळे जपा.

आतला पांढरा-हिरवा बुरा कसा काढायचा ते कोणता सेल फुटला त्यावर आहे. आपल्याकडचे साधे, स्वस्त मोठे सेल जस्त-कार्बनचे. त्यातून गळतं ते आम्लाकडे झुकणारं, म्हणून खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने घासा. सेलवर अल्कलाइन लिहिलेलं असेल तर उलट, तिथे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस. नंतर ओल्या फडक्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. घाईने ओल्यातच सेल घातले की महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा तेच होतं.

वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने चार जागा घासा: झाकणातली स्प्रिंग, झाकणाचे आटे, बल्बच्या बुडाशी टेकणारी पट्टी आणि खटक्याखालची पत्री. बॅटरी 'मेली' म्हणून माझ्याकडे येतात त्यांतल्या बऱ्याच एवढ्यावर चालू होतात. खटक्याची पत्री सैल झाली असेल तर किंचित वाकवून वर घ्या. बाहेरून पितांबरीने हवी तेवढी चकचकीत करा, पण आत पावडर नको. ती आट्यांत साठते.

तबकडीला हात लावू नका. तिचा मुलामा फार नाजूक असतो, फडक्यानेसुद्धा ओरखडे उठतात आणि झोत फाटतो. धूळ असेल तर फुंकर मारा, बस्स.

बल्ब घेताना जुना सोबत न्या. काही आट्यांचे असतात, काही कॉलरवाले, एकाच्या जागी दुसरा बसत नाही. तीन सेलचे मिळून ४.५ व्होल्ट होतात, त्याला ३.८ व्होल्ट लिहिलेला बल्ब लागतो. दोन सेलच्या बॅटरीला २.५ चा. २.५ चा बल्ब तीन सेलवर लावलात तर झगझगीत पेटून लवकर उडेल. आणि काम झालं की सेल काढून ठेवा. नुसत्या ठेवून ठेवून जितक्या बॅटऱ्या गेल्या तितक्या वापरून गेल्या नाहीत.

अमोघ_डोंबिवली

काका, बल्बच्या जागी बसणारे एलईडी मिळतात ते चालतील का? सेल जास्त पुरतील असं वाटतं.

वायरमनकाका

सेल कितीतरी जास्त पुरतात, यात शंका नाही. पण घेताना किती व्होल्टपर्यंत चालतो ते बघा. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्टच्या वर लागतात. दोन सेलवर नुसता एलईडी मंद लागतो आणि सेल थोडे उतरले की लागतच नाही, म्हणून आत व्होल्ट वाढवणारं छोटं सर्किट असलेला घ्यावा लागतो. तीन सेलला तो प्रश्न नाही, पण तिथे करंट आवरणारं काहीतरी आत हवंच. सेल उलटे घातले तर साधा बल्ब लागतो, एलईडी बहुतेक लागत नाही. बिघडला म्हणून परत आणण्याआधी एवढं तपासा.

दगडासाठी मधोमध एकच दाणा असलेला घ्या. चारी बाजूंनी दाणे असलेला मक्याच्या कणसासारखा येतो, तो तबकडीत नीट बसत नाही.

लिपीवेडी

दगडवाचक, किती बरं केलंत हा धागा काढून. मी हौसेने शिलालेख वाचते, त्यामुळे अक्षरांपुरतं लिहिते.

उजेड एकाच बाजूने टाकून थांबू नका. जी रेघ उजेडाच्या दिशेला समांतर असते तिची सावलीच पडत नाही. देवनागरीत हा घोटाळा ठळक होतो. डावीकडून उजेड आला की काने उठून दिसतात आणि शिरोरेषा नाहीशा होतात. वरून आला की शिरोरेषा स्वच्छ, काने गायब. मग 'र' आणि 'रा' यांत फरक राहत नाही. मोबाइल एका जागी पक्का ठेवून वरून, डावीकडून, उजवीकडून आणि मधल्या कोपऱ्यांतून असे निदान सहा-आठ फोटो घ्या. कॅमेरा हलता कामा नये, हलायची ती फक्त बॅटरी.

खालून उजेड टाकलेला फोटो वाचायला घेऊ नका. उजेड वरून येतो असं आपला डोळा धरून चालतो, त्यामुळे खोदलेलं अक्षर उठावाचं वाटायला लागतं आणि मती गुंग होते. वाचताना वर-डावीकडून उजेड असलेला फोटो समोर ठेवावा, बाकीचे पडताळ्याला.

कोन किती, हे अक्षर किती खोल आहे त्यावर ठरतं. फार झिजलेलं असेल तर बॅटरी जवळजवळ दगडाला टेकवल्यासारखी, दहा-पंधरा अंशांवर. चांगलं खोल असेल तर थोडी उचला, नाहीतर एका अक्षराची सावली शेजारच्या अक्षरावर पडते.

हे सगळं कशासाठी, तर अलिबागजवळच्या अक्षीचा शिलालेख बघा. ती गद्धेगळ आहे, म्हणजे दान मोडणाऱ्याला गाढवाचा शाप कोरलेला दगड, शिलाहार राजा केशिदेवाच्या काळातली. शिलालेखांचे अभ्यासक शं. गो. तुळपुळे यांच्या वाचनाप्रमाणे शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२. तसं धरलं तर मराठीतल्या अगदी आरंभीच्या लेखांत तो येतो. पण या काळाबद्दल अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत. झिजलेल्या दगडावरचा एखादा आकडा कसा लागतो यावर भाषेचा इतिहास शतक-दोन शतकं पुढेमागे सरकू शकतो. सोलापूर जिल्ह्यात हत्तरसंग कुडलला भीमा-सीनेच्या संगमावरच्या मंदिरातला लेख शके ९४० चा, तोही मराठीचाच. असे लेख अजून कुठल्या गोठ्याच्या भिंतीत, कुठल्या पाराच्या पायरीत बसलेले असतील याचा काही नेम नाही.

आणि एक कळकळीची विनंती. अक्षरं उठावीत म्हणून दगडावर खडू, पीठ, रांगोळी, तेल, पाणी काहीही लावू नका. खडू फिरवताना आपण आपल्याला वाटतं तेच अक्षर गिरवतो, आणि पुढच्या माणसाला ते आपल्याच चुकीसकट दिसतं. तेलावर धूळ बसते ती जात नाही. शेंदराचे थर खरवडायला तर मुळीच जाऊ नका. तो लोकांचा देव आहे, आणि खरवडताना खालचा दगडही जातो. उजेडाने दगडाचं काहीच बिघडत नाही, म्हणून तर ही पद्धत चांगली.

दक्षिणेचा_वारा

अगदी खरं. एवढंच जोडतो की हे कोरीव दगडापुरतं. रंगवलेल्या भिंतींचं तसं नाही. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश वापरू देत नाहीत तो रंगांच्या काळजीमुळेच. गावातल्या वाड्यात, जुन्या देवळात भित्तिचित्रं असतील तिथे प्रखर झोत रोखून धरू नये.

वीरगळींवर फक्त गाईच असतात असंही नाही. बोरिवलीला एकसरच्या वीरगळींवर जहाजांची लढाई आहे, वल्ह्यांच्या रांगा दिसतात. ती शिलाहार आणि यादवांमधली लढाई असावी असं अभ्यासक मानतात. आम्हा गोव्याकडच्या लोकांना जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात जहाज कोरलेल्या वीरगळी बघायला मिळतात, कदंब राजांच्या काळातल्या. अशा वीरगळी बघताना उजेड आडवा यावा, म्हणजे वल्ही मोजता येतात.

सीमा_सांगवी

दोन मोबाइलचं लक्षात आलं. पण रात्री देवळामागे जायचं म्हणजे आम्हा बायकांना जरा अवघड. दिवसा काही जमण्यासारखं आहे का?

दगडवाचक

जमतं. दगडावर सावली करायची. मोठी काळी छत्री, घोंगडी किंवा जाड चादर दोघांनी धरली की पुरेसा काळोख होतो, त्यात बॅटरी टाकायची. गाभाऱ्यात, लेण्यात, धर्मशाळेच्या आतल्या भिंतीवर दिवसाही अंधारच असतो, तिथे प्रश्नच नाही. उघड्यावर ऊन असेल तर आरसा हे दुसरं साधन. ऊन आरशात घेऊन दगडावर आडवं पाडायचं, बॅटरीपेक्षाही सुंदर काम होतं. हातभर आरसा लागतो आणि धरणाराचा हात स्थिर हवा.

संरक्षित स्मारक असेल तर सूर्यास्तानंतर थांबू नका, तसं बहुतेक ठिकाणी थांबूही देत नाहीत. तिपाई लावून फोटो काढायचे असतील तर आधी परवानगी विचारा. शाई आणि ओला कागद वापरून दगडाचा ठसा घेण्याची जुनी पद्धत आहे, ती मात्र जाणकारांच्या हाताखाली आणि परवानगीनेच.

गावातल्या साध्या दगडापाशी जातानाही गुरवाला, पुजाऱ्याला, शेजारच्या घराला सांगून जा. अनोळखी माणसं रात्री देवळामागे बॅटरी घेऊन फिरताना दिसली की गुप्तधनवाले आले असा संशय येतो, आणि तो काही अगदी निराधार नसतो. धनाच्या लोभाने किती दगड उखडले गेलेत ते आपण बघतोच. आम्ही गावातल्या दोन-तीन आजोबांना सोबतच घेतलं. त्यांनीच एक दगड दाखवला, निम्मा जमिनीत गेलेला. नाहीतर तो आम्हाला सापडला नसता.

आणि पायात बूट घाला. दगडाच्या बुडाशी गवत असतं, घोणस तिथेच बसते. आधी बॅटरी जमिनीवर फिरवायची, मग दगडावर.

अंगणातली_कोंबडी

विषय जरा बाजूला नेते, पण आमच्याकडेही अशाच जुन्या बॅटरीला काम मिळालंय. खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली की सातव्या दिवशी रात्री एकेक अंडं बॅटरीच्या काचेवर धरायचं. पुठ्ठ्याला अंड्यापेक्षा लहान भोक पाडून तो काचेवर ठेवते, म्हणजे उजेड बाजूने निसटत नाही. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर पिल्लू धरलंय. नुसतं पिवळसर, मोकळं दिसलं तर ते अंडं काढून घ्यायचं, नाहीतर कोंबडी एकवीस दिवस उगाच त्यावर बसते आणि सडकं अंडं फुटलं तर बाकीचीही खराब होतात. गावठी अंड्याचं कवच तपकिरी, त्यामुळे झोत एकवटलेला हवा. ही बॅटरी त्याला उत्तम.

वायरमनकाका

ताई, हे छान सांगितलंत. तिरप्या उजेडाचा आमच्या धंद्यातही उपयोग आहे. पुट्टी घासून झाली की रंगारी भिंतीला चिकटून दिवा धरतो. जिथे खाच राहिली तिथे लगेच सावली.

अमोघ_डोंबिवली

लिपीवेडी यांनी सांगितले तसे फोटो संगणकात एकत्र करण्याचीही सोय आहे. कॅमेरा स्थिर आणि उजेड वेगवेगळ्या दिशांनी, असे पुष्कळ फोटो घेतले की प्रोग्रॅम त्यावरून पृष्ठभागाचा चढउतार काढतो. मग पडद्यावर माउस फिरवून हवा त्या बाजूने उजेड टाकता येतो, दगड घरी आणून बघितल्यासारखा. २००१ मध्ये एचपीच्या प्रयोगशाळेत टॉम माल्झबेंडर यांनी हे तंत्र मांडलं. ग्रीसमधल्या अँटिकिथेरा या प्राचीन यंत्रावरची झिजलेली अक्षरं वाचायला २००५ मध्ये तेच वापरलं होतं. त्याचे मोफत प्रोग्रॅम मिळतात. फोटोत दगडाशेजारी एक काळा चकचकीत गोळा ठेवावा लागतो. त्यावर पडलेल्या ठिपक्यावरून उजेड कुठून आला ते प्रोग्रॅमला कळतं. कुणी फोटो काढून पाठवले तर ते जुळवून द्यायला मी आनंदाने तयार आहे.

दगडवाचक

अमोघ, हे फारच उत्तम. काळा गोळा मिळवतो.

बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून फोटोंचं पुढे काय करायचं ते लिहितो. नुसता फोटो ग्रुपवर टाकला की आठवड्याने तो कुठला ते कुणालाच आठवत नाही. फोटोत दगडाशेजारी मोजपट्टी ठेवा. दगडाची उंची, रुंदी, जाडी, तोंड कोणत्या दिशेला आहे, मूळ जागी आहे की हलवलेला, गावकरी त्याला काय म्हणतात, कोणत्या दिवशी पूजा होते, हे सगळं वहीत लिहा. गावकरी सांगतात ते त्यांच्याच शब्दांत लिहा, आपण सुधारू नका. फोटोच्या नावात गाव आणि तालुका घाला, एकाच नावाची गावं कितीतरी आहेत. राज्याच्या पुरातत्त्व विभागाची विभागीय कार्यालयं आहेत, तिथे एक प्रत द्या. वि. का. राजवाडे यांनी १९१० साली पुण्यात स्थापन केलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, तिथेही जाणकार भेटतात. एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक शाळेत ठेवा, कारण दगडाची राखण शेवटी गावच करणार आहे.

आमच्या दुसऱ्या, निम्म्या पुरलेल्या दगडाचे फोटो लिपीवेडी यांना पाठवले आहेत. मधल्या आणि खालच्या पट्टीच्या मधल्या कडेवर अक्षरांसारखं काही दिसतंय. मी ते वाचायचा प्रयत्न केलेला नाही, माझ्या मनातलं त्यांच्या वाचनात मिसळू नये म्हणून.

लिपीवेडी

फोटो बघितले. अक्षरंच आहेत, ओरखडे नाहीत. रेघा एका ओळीत आहेत आणि उंची सारखी आहे. पहिलं अक्षर 'स्व' असावं, पण तेवढ्यावरून 'स्वस्ति' म्हणायची घाई नको. चौथं अक्षर 'म' आहे की 'स' ते डावीकडच्या उजेडात कळत नाही, खालची गाठ सावलीत गेली आहे. उजवीकडून, बॅटरी अगदी खाली धरून, त्याच अक्षराचा एक जवळचा फोटो हवा. कडेवरची माती हाताने किंवा ब्रशने काढू नका, आहे तशीच राहू दे.

दगडवाचक

रविवारी अंधार पडला की काढतो. सेल नवे घातले आहेत.